चित्रवही आणि उत्तरपत्रिका

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसावर एक बंधन असते. विद्यार्थ्याने लिहिलेली प्रत्येक ओळ त्याला वाचावी लागते. पहिलेच उत्तर चुकले म्हणून त्याला उत्तरपत्रिका मिटून ठेवता येत नाही. शेवटच्या पुरवणीच्या शेवटच्या पानावर, घंटा होता होता घाईने खरडलेले एखादे वाक्य बरोबर असेल, तर त्याचाही अर्धा गुण त्याने द्यायचा असतो. शिवाय एका उत्तराला शून्य मिळाले, तरी त्या शून्यामुळे शेजारच्या बरोबर उत्तराचे गुण घटत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना एकच उपदेश केला जातो : कोरे काही सोडू नका, जे येत असेल ते लिहून या. परीक्षेपुरता तो उपदेश शहाणपणाचाच आहे. परीक्षेत बेरीज होते, आणि बेरजेत जास्त लिहिणाऱ्याचे सहसा नुकसान होत नाही.

परंतु हाच उपदेश मनात बाळगून मुले शाळेबाहेर पडतात आणि आपल्या कलेवर पोट भरण्याच्या खटपटीस लागतात, तेव्हा त्यांची कशी गत होते, हे गेल्या दोन वर्षांत मला जवळून पाहावयास मिळाले. ते क्षेत्र आपल्या मासिकाच्या बहुतेक वाचकांना अपरिचित असेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

'गेम' हा शब्द उच्चारला की आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. मुलांच्या अभ्यासाचे खोबरे करणारी वस्तू, नाहीतर पैसे लावून खेळायचा जुगार, अशी दोनच चित्रे त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. यांपैकी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी घातली. मी ज्याविषयी लिहीत आहे तो उद्योग निराळा. तेथे खेळाला कथा असते, पात्रे असतात. नगरे, अरण्ये, वाहने, वस्त्रे, शस्त्रे असतात. आणि त्यातली प्रत्येक वस्तू, अगदी कोपऱ्यातला रिकामा माठसुद्धा, कोणा ना कोणा कलावंताने बसून घडवलेली असते. बंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी १९९७ साली निघाली आणि २०१९ साली रॉकस्टार या जगप्रसिद्ध खेळ-कंपनीने ती विकत घेतली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यातील महाल आणि किल्ले राजस्थानी वास्तुशैलीवरून घेतलेले आहेत, आणि कथेत दुर्गा आणि विष्णू बोलतात. अशा कामांत आपल्या मुलांना वाव आहे आणि काही मुले तेथे पोहोचलीही आहेत.

या कंपन्यांत चित्रकार म्हणून शिरावयाचे तर पदवीची चौकशी नंतर होते. आधी पाहिला जातो तो 'पोर्टफोलिओ', म्हणजे उमेदवाराच्या निवडक कामांचा संग्रह. पूर्वी चित्रकार मंडळी काखेत मोठी फाइल मारून जाहिरात कंपन्यांचे उंबरे झिजवीत असत. आता त्या फाइलीची जागा आर्टस्टेशनसारख्या संकेतस्थळावरील पानाने घेतली आहे. उमेदवार त्या पानाचा दुवा पाठवतो आणि वाट पाहतो.

आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी अशी चौदा महिने वाट पाहत होती. तिचे वडील येथे बडोद्यात दुकानांच्या पाट्या रंगवीत. मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत त्यांचे अक्षर देखणे. पुढे फ्लेक्सचे फलक आले आणि तो धंदा हळूहळू बसला. मुलीच्या हातात वडिलांचे कसब उतरले होते. तिने एका खाजगी संस्थेत ॲनिमेशनचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम केला. त्यासाठी कर्ज निघाले, आईच्या पाटल्या गहाण पडल्या. त्यानंतर तिने पन्नासहून अधिक ठिकाणी अर्ज केले आणि एकाही माणसाचे उत्तर आले नाही. आली ती यंत्राने पाठवलेली चार पोचपत्रे. कर्जाचे हप्ते सुरू झाले होते. तिच्या मामाने मकरपुऱ्यातल्या एका गोदामात नोंदी करण्याची नोकरी पाहून ठेवली होती. दिवाळीपर्यंत काही घडले नाही तर ती पत्करायची, असे घरात ठरले होते.

बापलेक माझ्याकडे आली ती शिफारसपत्र मागायला. वडील म्हणाले, "सर, नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण हे लोक काही बोलतच नाहीत. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक तोंडावर सांगायचं, अक्षर आवडलं नाही म्हणून. मग आपण दुसरं काढून दाखवायचं."

शिफारसपत्राचा येथे उपयोग नाही, हे मला ठाऊक होते. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात अशाच एका कंपनीत वरच्या जागेवर आहे, आणि नव्या चित्रकारांचे पोर्टफोलिओ पाहणे हे त्याच्या कामापैकीच एक काम आहे. तो दिवाळीला घरी आला तेव्हा मी दोघांना माझ्या घरी बोलावले. मुलगी वडिलांना घेऊन आली. तिने लॅपटॉपवर आपले पान उघडून दिले. त्यावर चव्वेचाळीस कामे होती. त्याने ती वरून खाली सरकवत नेली, दोन ठिकाणी क्षणभर थांबला आणि लॅपटॉप मिटला. मिनिटभरसुद्धा झाले नसेल. मुलीचा चेहरा उतरला.

तो म्हणाला, "रागावू नकोस. ऑफिसात मला एवढाच वेळ मिळतो. एका जागेसाठी दोन-दोनशे दुवे येतात. आता सावकाश पाहू."

त्यानंतर तो दोन तास बोलला. त्याने जे सांगितले त्यातील बहुतेक गोष्टी केवळ या धंद्यापुरत्या नाहीत, असे मला त्या दिवशी वाटले आणि अजूनही वाटते.

पहिली गोष्ट संख्येची. चव्वेचाळीसांतली आठ कामे त्याने बाजूला काढली. या आठांसाठी मी तुला नक्की बोलावले असते, असे तो म्हणाला. उरलेल्या छत्तिसांनी मला शंकेत टाकले. मुलीला हे पटेना. चांगली कामे तर तिथे होतीच; ती न मोजता वाईट का मोजायची? हा प्रश्न उत्तरपत्रिकेवर वाढलेल्या मुलाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर असे की, पोर्टफोलिओ पाहणाऱ्याला गुण द्यायचे नसतात. या व्यक्तीवर काम सोपवावे की नाही एवढेच ठरवायचे असते. सोमवारी काम दिले तर हाती काय येईल, त्या आठांसारखे की छत्तिसांसारखे, हे त्याला कळावयास मार्ग नाही. म्हणून तो सर्वांत कच्चे काम पाहून अंदाज बांधतो. शितावरून भाताची परीक्षा करताना आपण बोटाला लागलेले शीत दाबून पाहतो. ते कच्चे लागले तर पातेल्यात शिजलेली शितेही असतील असे म्हणून कोणी भात वाढायला घेत नाही. यात आणखीही एक बारकावा आहे. आपल्या कामांतले चांगले कोणते आणि सामान्य कोणते, हे ज्याला ओळखता येत नाही, त्याचे चांगले काम हातून योगायोगाने झाले असावे, असा संशय पाहणाऱ्याच्या मनात येतो. निवड हीसुद्धा पाहणाऱ्याच्या दृष्टीने एक कलाकृतीच असते.

दुसरी गोष्ट सर्वज्ञपणाची. त्या पानावर योद्धे होते, इमारती होत्या, एका दुकानाचे बोधचिन्ह होते, मावसबहिणीच्या लग्नाची पत्रिका होती, सुरसागराची छायाचित्रे होती, आणि एका चेंडूच्या उड्यांची चलचित्रे होती. मोठ्या कंपनीत ही सारी निरनिराळ्या माणसांची कामे असतात. कल्पनाचित्र एक जण काढतो. त्यावरून पात्राचे त्रिमित मॉडेल दुसरा घडवतो. इमारती आणि परिसर तिसऱ्याकडे. मॉडेलच्या आत हाडांचा सांगाडा बसवून ते हलते करणे चौथ्याकडे. त्याला चालवणे, पळवणे पाचव्याकडे. धूर, आग, पाणी सहाव्याकडे. पडद्यावरची बटणे आणि खुणा सातव्याकडे. जाहिरात यांपैकी एका जागेची असते. परिसर घडवणारा हवा असेल तर पाहणारा इमारतींची कामे शोधतो आणि त्याला लग्नपत्रिका दिसते. पाच-सहा माणसांच्या लहान चमूत मात्र सर्व थोडे थोडे येणारा माणूसच सोयीचा असतो. पण तेथेही कामांची दालने वेगळी करून मांडावी लागतात.

तिसरी गोष्ट, कोणाकडे काय पाठवतो आहोत याचा विचार. एखादी कंपनी लहान मुलांसाठी गोलमटोल, रंगीबेरंगी पात्रांचे मोबाइलवरचे खेळ करते. दुसरी युद्धाचे असे खेळ करते की त्यांत गणवेशाच्या शिवणीसुद्धा खऱ्या वाटाव्यात. पहिलीकडे रक्तबंबाळ सैनिक पाठवून उपयोग नाही आणि दुसरीकडे हसरे वांगे पाठवून उपयोग नाही. मुलीने मात्र पन्नासही ठिकाणी एकच दुवा आणि एकच पत्र पाठवले होते. पत्राच्या आरंभी कंपनीचे नावसुद्धा नव्हते. तिचे वडील हे ऐकून हसले. कापडवाल्याला मिठाईच्या दुकानाची पाटी नमुना म्हणून ते कधीच दाखवीत नसत.

चौथी गोष्ट ऐकून मला गाइडची आठवण झाली. तिच्या संग्रहात साखरेचा गुलाबी थर दिलेला एक डोनट होता. आमच्या पाहुण्याने तो पाहताच डोक्याला हात लावला. ब्लेंडर नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर शिकवणारा एक प्रसिद्ध धडा आहे. त्यात हा डोनट करावयास शिकवतात. जगभरची मुले तो करतात आणि पुष्कळशी तो पोर्टफोलिओत ठेवतात. धडा गिरवणे वाईट नव्हे, त्यावाचून कोणी शिकत नाही. परंतु गिरवलेला धडा स्वतःचे काम म्हणून दाखवला की परीक्षकाला शंभरावे एकसारखे उत्तर वाचल्याचा शीण येतो. तोच नियम दुसऱ्याच्या कल्पनाचित्रावरून केलेल्या मॉडेलला लागू आहे. ते ठेवायला हरकत नाही, मात्र मूळ चित्र कोणाचे हे तेथेच लिहावे. आणि चार जणांनी मिळून केलेल्या कामात आपला वाटा कोणता, हे स्पष्ट सांगावे. हे क्षेत्र जगभर पसरलेले असले तरी माणसे एकमेकांना ओळखून असतात. दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवणारा सहसा लपत नाही.

पाचवी गोष्ट तांत्रिक आहे, पण समजण्यासारखी आहे. चित्रपटातले दृश्य आधीच तयार करून ठेवता येते. खेळात मात्र खेळणारा डावीकडे वळला की ते दृश्य त्याच क्षणी यंत्राला काढावे लागते. सेकंदाला साठ चित्रे दाखवायची तर एका चित्रासाठी सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे जेमतेम सतरा सहस्रांश सेकंद मिळतो. संगणकातील प्रत्येक वस्तू लहान लहान त्रिकोणांच्या जाळ्याने बनलेली असते. त्रिकोण जितके अधिक, तितके यंत्रावरचे ओझे अधिक. नव्या प्रकारच्या इंजिनांनी हे बंधन पुष्कळ सैल केले आहे; मोबाइलवर मात्र ते अजून चांगलेच जाचते. मुलीने एका योद्ध्याचे शिल्प केले होते. त्याच्या चिलखतावरची प्रत्येक कडी कोरलेली होती आणि त्यात कित्येक लाख त्रिकोण होते. शिल्प म्हणून ते उत्तम होते. खेळात मात्र ते चालले नसते. अशा शिल्पावरून कमी त्रिकोणांचे हलके रूप बनवणे, कोरीव कामाचा भास रंगाच्या थरांतून आणणे, आणि हे सारे अनरियल किंवा युनिटी यांसारख्या इंजिनात नेऊन चालवून दाखवणे, हेच तर या नोकरीतले काम. ते तिला येत होते. संस्थेत तिने ते केलेही होते. पण पानावर फक्त शेवटचे झळाळते चित्र होते; जाळे नव्हते, त्रिकोणांची संख्या नव्हती, रंगांचे थर नव्हते.

सहावी गोष्ट विषयांची. अजगर, तलवारी, पंख असलेल्या राण्या. आणि त्यांवर असा गूढ प्रकाश की निम्मी आकृती अंधारात. पाहणाऱ्याला अंधारात काय झाकले आहे अशी शंका येते, आणि बहुधा तेथे हाताचा पंजा असतो, कारण पंजा काढणे कठीण. शिवाय एका खेळात राणी एक असते. दारे, पिंपे, कंदील, पायऱ्या, हातगाड्या शेकड्यांनी लागतात. नव्याने लागलेल्या माणसाच्या वाट्याला पहिले वर्षभर त्याच येतात. ज्याने एक साधे लाकडी दार असे केले आहे की त्याच्या कडीजवळचा रंग हात लागून लागून उडालेला दिसावा, त्याला काम देणे सोपे जाते.

मांडणीतले दोष तर सांगावे तितके थोडे. चांगली कामे सर्वांत खाली. चलचित्रांची फीत तीन मिनिटांची आणि तिच्या आरंभी संस्थेचे बोधचिन्हच वीस सेकंद. एक काम पाहण्यासाठी मोठी फाइल उतरवून घ्यावी लागे, दुसऱ्याला परवलीचा शब्द, आणि तो कोठेच दिलेला नाही. दोन चित्रांखाली तिने लिहिले होते : हे जुने काम आहे, तेव्हा मी नवशिकी होते. पाहुणा म्हणाला, "जे दाखवताना माफी मागावी लागते ते दाखवूच नये." आणि एवढे सर्व असून त्या पानावर तिचा स्वतःचा ईमेल पत्ता मात्र नव्हता.

हे ऐकत असताना मला दादासाहेब फाळक्यांची आठवण होत होती. फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन परतले तेव्हा चित्रपट म्हणजे काय हेच येथे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. मग त्यासाठी पैसे कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने त्याचे एकेक चित्र घेतले. ती चित्रे पडद्यावर ओळीने धावली तेव्हा बी रुजून त्याचा वेल होताना पाहणाऱ्यांना दिसला. 'अंकुराची वाढ' या त्या चिमुकल्या चित्रपटाने त्यांना भांडवल मिळवून दिले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. फाळक्यांना चित्रकला येत होती, छायाचित्रण येत होते, छपाई येत होती, जादूचे प्रयोगसुद्धा येत होते. भांडवलदारापुढे त्यांनी यांतले काही ठेवले नाही. ज्या कसबासाठी पैसे मागायचे होते तेवढे एकच कसब, एका वाटाण्यावर, त्यांनी दाखवले.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी आमच्या पाहुण्याने शेवटी सांगितली. तो मुलीला म्हणाला, "तुझी कच्ची रेखाटनं कुठं आहेत?" ती म्हणाली, "ती वहीत आहेत, दादा. फार घाण आहेत." तिने पिशवीतून वही काढली. एका दरवाजासाठी तिने अठरा निरनिराळ्या आकृती काढल्या होत्या; कोठे कमान उंच, कोठे बसकी, कोठे दार उजवीकडे सरकलेले; बाजूला बाण काढून टिपा लिहिलेल्या. तो ती पाने कितीतरी वेळ उलटत राहिला. संबंध संध्याकाळीत त्याने इतका वेळ कशालाच दिला नव्हता.

त्याने समजावून सांगितले की कंपनीत काम करताना पहिली कल्पना जवळजवळ कधीच स्वीकारली जात नाही. वरिष्ठ म्हणतो, दार लहान कर. खेळाची रचना करणारा म्हणतो, येथून दोन माणसे एकदम गेली पाहिजेत. मग पुन्हा काढायचे. अशा वेळी समोरचा माणूस किती मार्गांनी विचार करू शकतो आणि सांगितलेला बदल न रुसता कसा करतो, हे कळायला हवे. ते शेवटच्या गुळगुळीत चित्रातून कळत नाही; अठरा कच्च्या आकृतींतून कळते. आणि अलीकडे याला दुसरेही एक कारण झाले आहे. चार ओळी लिहून दिल्या की कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणात देखणे चित्र काढून देतात. त्यामुळे केवळ देखणेपणा पाहून हे कोणाच्या हातचे आहे हे ओळखणे अवघड होऊन बसले आहे. माणसाने चाचपडत, खोडत, पुन्हा काढत वाट कशी शोधली, याचा माग कच्च्या कामात राहतो.

मुलीचे वडील तोवर गप्प बसून होते. ते एकदम म्हणाले, "पाटी रंगवायच्या आधी आम्ही दोरीला खडू लावून रेघा मारायचो. रंग वाळला की पुसून टाकायच्या. गिऱ्हाइकाला त्या दिसता कामा नयेत. पण कोणी पोरगा काम मागायला आला, तर मी त्याच्या हातात ब्रश नाही द्यायचो. खडू द्यायचो. म्हणायचो, रेघा मारून दाखव."

आमचा पाहुणा त्यांच्याकडे पाहतच राहिला. मुलीने वही मिटली नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. मामाला चार महिने थांबायला सांगितले. हप्त्यांसाठी वडिलांनी भिंती रंगवण्याची कामे घेतली. मुलीने चव्वेचाळीसांपैकी पाच कामे ठेवली आणि दोन नवी केली. त्यांतले एक वडिलांच्या कामाच्या जागेचा कोपरा : घोडीवर अर्धी रंगवलेली पाटी, रंगाचे डबे, रॉकेलच्या डब्यात उभे केलेले ब्रश. कच्च्या रेखाटनांपासून इंजिनात चालणाऱ्या दृश्यापर्यंत सगळ्या पायऱ्या तिने त्याच्याखाली क्रमाने लावल्या. मग अशा प्रकारचे काम करणाऱ्या अकराच कंपन्या निवडल्या आणि प्रत्येकीला वेगळे पत्र लिहिले. तीन उत्तरे आली. पहिले दोन नकार होते. त्यांतल्या एकात लिहिले होते की दृश्य आवडले, परंतु डब्यांचा पत्रा पत्र्यासारखा न दिसता प्लॅस्टिकसारखा दिसतो. तो नकार तिने वडिलांना वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "चला, कोणीतरी बोललं." तिसऱ्या कंपनीने सात दिवसांची चाचणी दिली. सूचनांत त्रिकोणांची मर्यादा, फाइलींची नावे, पाठवण्याची वेळ, असे सारे नेमके दिलेले होते. उत्साहाच्या भरात सूचना न वाचणे हेही उमेदवारांच्या नेहमीच्या चुकांपैकी एक आहे, हे तिला सांगून ठेवलेले होते. सध्या ती तेथे सहा महिन्यांच्या उमेदवारीवर आहे. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत.

चित्रवही सुधारली म्हणजे नोकरी मिळतेच, असे मला सुचवायचे नाही. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरच्या खेळ-कंपन्यांनी हजारो अनुभवी माणसांना कमी केले, आणि नवी मुले आज त्यांच्याच रांगेत उभी आहेत. चांगले काम चांगले मांडूनही कित्येकांना थांबावे लागेल. परंतु ज्याच्याजवळ आठ चांगली कामे आहेत त्याने ती छत्तीस सामान्य कामांखाली पुरून ठेवावीत आणि मग आपल्या हातात कलाच नाही अशी समजूत करून घेऊन गोदामाचा रस्ता धरावा, हे टाळता येण्यासारखे आहे.

गणिताच्या उत्तरपत्रिकेत कच्च्या कामासाठी कडेला एक पट्टी सोडलेली असते. मुले ती उभी रेघ मारून आखतात, तिच्यात बारीक अक्षरांत गुणाकार-भागाकार करतात, आणि पुष्कळदा शेवटी ती पट्टी खोडून टाकतात. त्या पट्टीला गुण नसतात हे खरे. पण मूल कोठे अडखळले आणि कोठून पुन्हा वाटेला लागले हे शिक्षकाला पाहावयाचे असेल, तर ते तेथेच सापडते. ज्या घरात चित्रे काढणारे मूल आहे त्या घरातल्या आईवडिलांनी त्याच्या वह्या रद्दीत घालू नयेत. त्यांवर तारखा घालून त्या जपून ठेवाव्यात. आणि ते मोठे होऊन नोकरीसाठी आपली कामे निवडू लागले, म्हणजे त्याच्याजवळ बसून प्रत्येक चित्रावर बोट ठेवून विचारावे, "हे का ठेवलंस?" ज्या चित्राला उत्तर मिळणार नाही ते काढून ठेवावे. त्यासाठी आपल्याला चित्रकला किंवा संगणक येण्याची गरज नाही.